नकाशावर नसलेलं गाव

१९१५ च्या वंशसंहारात ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांची गावंच्या गावं रिकामी झाली. जे वाचले ते सिरिया, लेबनॉन, फ्रान्स, अमेरिका, अर्जेंटिना असे पांगले. त्यांची नातवंडं-पतवंडं आता गट करून, जाणत्या वाटाड्याला बरोबर घेऊन, आजच्या पूर्व तुर्कस्तानातली वाडवडिलांची गावं बघायला जातात. या सहलींवर गेल्या अंकात लेख होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी सून अमेरिकेत जन्मलेली, आर्मेनियन वंशाची. तिच्या पणजोबांचं गाव ‘खारपेर्त’ असं घरात सांगतात. पुढच्या वर्षी तिला सहलीला जायचंय, पण नकाशावर खारपेर्त सापडत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पैसे भरण्याआधी हा प्रश्न विचारलात हे बरं झालं. या प्रवासात जे बिघडतं ते बहुतेक घरीच, निघण्याच्या आधी बिघडलेलं असतं.

खारपेर्त म्हणजे आजचं हारपूत. उंचावर जुनं किल्ल्याचं गाव, खाली मोठं मैदान आणि मैदानात एलाझिग हे शहर. अडचण अशी की त्या मैदानातल्या कुठल्याही खेड्यातून परदेशी गेलेला माणूस ‘कुठला?’ असं विचारल्यावर ‘खारपेर्तचा’ एवढंच सांगायचा. परक्याला खेड्याचं नाव सांगून उपयोग काय? त्यामुळे घरात उरलं ते मुलखाचं नाव. तुम्हाला हवं आहे ते खेड्याचं.

आधी घरातले कागद बाहेर काढा. पणजोबांच्या पिढीच्या कबरींवरचा आर्मेनियन मजकूर कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, त्यात पुष्कळदा जन्मगाव कोरलेलं असतं. मग अमेरिकेत उतरतानाची जहाजाची प्रवासी-यादी, नागरिकत्वाचा अर्ज, चर्चमधली बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद, जुन्या फोटोंच्या पाठीवरचा मजकूर आणि फोटो-स्टुडिओचा शिक्का. जहाजाच्या यादीत एक गोष्ट हमखास फसवते. ‘शेवटचा मुक्काम’ आणि ‘जन्मस्थान’ हे दोन वेगळे रकाने असतात. १९१५ नंतर अनाथाश्रमांत वाढून पुढे अमेरिकेला गेलेल्यांच्या शेवटच्या मुक्कामापुढे अलेप्पो किंवा बैरूत लिहिलेलं सापडतं, आणि घरचे पिढ्यानपिढ्या आजोबांना अलेप्पोचे समजत राहतात.

दुसरा घोळ स्पेलिंगचा. पश्चिमेकडच्या आर्मेनियन बोलीत आणि आजच्या आर्मेनियातल्या बोलीत ब-प, द-त, ग-क हे उच्चार उलटसुलट होतात. दियारबकीरला एक जण दिक्रानागेर्द म्हणेल, दुसरा तिग्रानाकेर्त. खारपेर्तचं खारबेर्द होतं ते याच कारणाने. म्हणून घरातलं नाव दोन्ही रूपांत शोधायचं. एकाच रूपात शोधून ‘असं गावच नाही’ म्हणणारे पुष्कळ.

यानंतरचा टप्पा ‘हुशामादियान’. म्हणजे स्मरणग्रंथ. अमेरिका, फ्रान्स, लेबनॉन इथे एकेका गावच्या माणसांनी आपापली मंडळं काढली आणि गावाची आठवण पुस्तकात बांधून ठेवली. त्यात गल्ल्या, घराणी, पाणचक्क्या, झरे, चर्च आणि हाताने काढलेले नकाशेही असतात. ही पुस्तकं बहुतेक आर्मेनियनमध्ये आहेत. वाचता येणारं माणूस गाठा आणि निदान आडनावांचं पान आणि नकाशा तेवढा उतरवून घ्या. ‘हुशामादियान’ याच नावाचा बर्लिनमधला एक प्रकल्प २०१० पासून ऑटोमन काळातल्या आर्मेनियन गावगाड्याची माहिती इलाख्यानुसार इंटरनेटवर मांडतो आहे, तिथेही पाहा.

जुनं नाव पक्कं झालं की आजचं नाव. सेवान निशान्यान यांनी केलेला गावनावांचा नकाशा इंटरनेटवर आहे, त्यात जुनं नाव घातलं की नवं मिळतं. खारपेर्तच्या मैदानातली तीन नावं नमुन्यादाखल: हुसेनिगचं झालं उलुकेंत, पार्चांजचं आक्चाकिराझ, केसरिगचं किझिलाय. इथे तालुका ताडून पाहायला विसरू नका. ‘वांक’ म्हणजे मठ, त्यामुळे ‘वांक’ नावाची खेडी एकाहून जास्त. शेजारच्या दोन-तीन खेड्यांची नावं घरच्या आठवणीशी जुळली तरच गाव तेच.

आणि एक वाईट शक्यता आधीच तपासून घ्या. केबान धरण १९७४ मध्ये पूर्ण झालं आणि मैदानाचा सखल भाग पाण्याखाली गेला. गाव त्यात असेल तर काठावर उभं राहून पाणी बघणं एवढंच हातात उरतं. उपग्रहाच्या नकाशावर हे घरबसल्या दिसतं. तिथे जाऊन कळणं फार जड जातं.

प्रश्न : तुर्कस्तान सरकारच्या जुन्या जन्म-नोंदी परदेशातल्या वंशजांना पाहता येतात का?

उत्तर : सरकारी संकेतस्थळावरची वंशावळ नाही पाहता येत. ती सोय फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा इतकी गर्दी उसळली की ती बंद करून पुन्हा सुरू करावी लागली. पण ती तुर्की ओळख-क्रमांक असलेल्या नागरिकांसाठी आहे. तिचा उपयोग उलट्या बाजूने झाला: आपली पणजी आर्मेनियन होती हे तिकडच्या कित्येकांना त्या पानावर पहिल्यांदा कळलं.

प्रश्न : इतक्या गावांची नावं बदलली कशी? आणि तिथे गेल्यावर विचारायचं कुठल्या नावाने?

उत्तर : नावं बदलणं आधीपासून सुरू होतं, पण १९५० च्या दशकात त्यासाठी एक खास समितीच बसली आणि तिने १९७८ पर्यंत काम केलं. बारा हजारांहून जास्त खेड्यांना नवी तुर्की नावं मिळाली. त्यात आर्मेनियन नावं होती, तशी कुर्दी, ग्रीक, जॉर्जियन, अरबी, लाझ नावंही होती.

विचारताना नवं नाव फक्त चालकासाठी आणि पाटीसाठी. पाटी बदलली तरी बोलण्यातलं नाव टिकतं, विशेषतः कुर्दी वस्तीत. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला जुनं नाव सांगा, तो हाताने दिशा दाखवेल. त्याच्या तोंडी आर्मेनियन उच्चार थोडा घासलेला असेल, तेव्हा वाटाड्याकडून तो घासलेला उच्चार आधी शिकून घ्या. काही मोठी नावंही पाठ असू द्या, कारण घरच्या बोलण्यात जुनीच येतात: झैतून म्हणजे सुलेमानली, हाजिन म्हणजे साइमबेयली, सिस म्हणजे कोझान, आइंताब म्हणजे गाझिआंतेप, आणि ज्याला आर्मेनियन आग्न म्हणतात ते केमालिये.

प्रश्न : गट किती जणांचा असावा, दिवस किती लागतात, कधी जावं? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला त्यांच्या गावात जेमतेम वीस मिनिटं मिळाली.

उत्तर : वीस मिनिटं मिळाली कारण कार्यक्रम आखणाऱ्याने प्रत्येकाला ‘हो’ म्हटलं. या सहलीचं गणित नेहमीच्या सहलीपेक्षा वेगळं आहे. आनी हे जुनं उजाड शहर आणि अख्तामार बेटावरचं चर्च सगळ्यांचं एकच असतं, पण गाव ज्याचं त्याचं. बारा माणसं म्हणजे सात-आठ गावं, तीही एका रेषेत नाहीत. खेड्याचा रस्ता बस घेत नाही, म्हणून चौदा-सोळा आसनांची मिनीबसच बरी. एका गावाला तीन तास धरा: एक तास शोधण्यात आणि चहात जातो, एक चालण्यात, एक नुसतं थांबण्यात. दिवसाला दोन गावं, त्याहून जास्त नाही. आणि महत्त्वाचं गाव सकाळी; दुपारनंतर ठेवलं की मधला एखादा खचलेला रस्ता ते गिळतो.

सगळा मुलूख एका खेपेत करू नये. एक फेरी पूर्वेची: कार्स, आनी, मग दक्षिणेला वान, तिथून बित्लिस, मुश, दियारबकीर, खारपेर्त. याला दोन आठवडे लागतात. दुसरी फेरी किलिकियाची, म्हणजे अदाना, सिस, हाजिन, झैतून, मराश, आइंताब आणि समुद्राकडचा मुसा दाग हा डोंगर. सिवास, तोकात, अमास्या, मेर्झिफोन ही उत्तरेकडची वेगळी वाट आहे. दोन वाटा एकत्र कोंबल्या की माणसं दिवसभर काचेतून डोंगर बघत बसतात.

मे अखेर ते जूनचा मध्य आणि संपूर्ण सप्टेंबर हे दिवस चांगले. कार्स समुद्रसपाटीपासून साधारण पावणेदोन हजार मीटरवर आहे, तिथल्या आडवाटा एप्रिलमध्येही बर्फाने किंवा चिखलाने अडतात. जुलै-ऑगस्टमध्ये दियारबकीर आणि उर्फाकडे पारा चाळिशी ओलांडतो.

वाटाड्याबद्दल: तुर्कस्तानात परवानाधारक मार्गदर्शकच अधिकृतपणे गट फिरवू शकतो, २०१२ चा कायदा आहे. म्हणून परदेशातून आलेला आर्मेनियन गटप्रमुख कितीही जाणकार असला तरी सोबत गळ्यात ओळखपत्र घातलेला स्थानिक मार्गदर्शक लागतो. नोंदणी करताना दोन गोष्टी विचारा. हा मार्गदर्शक पूर्वी अशा गटाबरोबर गेला आहे का, आणि कुर्दी येणारं कुणी बरोबर आहे का. मुश-सासूनच्या वरच्या खेड्यांत म्हाताऱ्या बायकांना तुर्की येईलच असं नाही, आणि जुनी आठवण त्यांच्याकडेच असते.

प्रश्न : प्रत्यक्ष गावात पोहोचल्यावर काय करायचं? लोक हाकलून तर देत नाहीत ना?

उत्तर : हाकलून क्वचित देतात, चहा मात्र नक्की देतात. पण गाडी थेट पडक्या चर्चपाशी नेऊन सगळे कॅमेरे घेऊन उतरले, की संशय आलाच. आधी मुख्तारकडे जावं. मुख्तार म्हणजे गावाने निवडलेला कारभारी. दोघा-तिघांनीच पुढे व्हावं, बाकीच्यांनी गाडीत थांबावं.

कशाला आलात विचारलं तर ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ‘आम्ही इतिहासाचे विद्यार्थी’ वगैरे थापा पाच मिनिटांत उघड्या पडतात. आमचे पणजोबा इथले, गाव बघायचं आहे, बघून जाणार, एवढं सरळ सांगावं. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. ज्यांच्या घरात तुम्ही उभे आहात त्यांच्या मनात एक भीती असते: हे जमीन मागायला आलेत की काय? ‘हे आमचं घर’ असं दारात उभं राहून म्हणू नका, मनात कितीही आलं तरी.

दुसरा समज सोन्याचा. आर्मेनियन जाताना सोनं पुरून गेले, आता त्यांची नातवंडं नकाशा घेऊन ते काढायला येतात, असं त्या भागात सर्रास मानतात. याच समजापायी चर्चच्या जमिनी आणि कबरी खणून खणून पोखरल्या गेल्या आहेत. मठाच्या मधोमध दिसणारा ताजा खड्डा भूकंपाचा नसतो, तो या खजिनेवाल्यांचा. कुणी तरी तुम्हाला बाजूला घेऊन दगडावरची खूण दाखवेल आणि अर्थ विचारेल. तो क्रूस आहे, खजिन्याची खूण नाही, एवढंच सांगा आणि पुढे व्हा. आजोबांचा हाताने काढलेला मूळ नकाशा तिथे उलगडू नये. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पावलांनी अंतर मोजत फिरणं, काठीने जमीन टोचणं, तेही नको.

मग गाव वाचायचं कसं? घरं टिकत नाहीत, पाणी टिकतं. आधी झरा विचारा, मग पाणचक्की, मग चर्च. झरा बहुधा जुन्याच जागी असतो आणि हुशामादियानच्या नकाशावर तो असतोच. तिथून गल्ल्यांचा अंदाज बांधता येतो. चर्चचं कोठार झालेलं असतं किंवा त्याचे दगड घरांत गेलेले असतात. मुशजवळच्या चेंगिल्लीला हे सगळ्यात उघड दिसतं. सुर्प गाराबेदचा मठ एकेकाळी त्या मुलखातलं सर्वांत मोठं तीर्थ होतं, आणि आज तिथल्या घरांच्या भिंतींत मध्येच एखादा कोरीव क्रूस आडवा किंवा उलटा बसवलेला दिसतो, वर वाळत घातलेले कपडे. गवंड्याला दगड चांगला चौकोनी मिळाला, त्याने बसवला. फोटो घ्यायचा तर घरच्यांना विचारून, आणि बायका चौकटीत येणार नाहीत असा.

अशातच कुणी हळूच सांगेल की माझी आजी आर्मेनियन होती. १९१५ मध्ये घरात ठेवून घेतलेल्या, पुढे मुसलमान झालेल्या मुलींची ही नातवंडं. ऐका, हवं तर पत्ता घ्या. पण त्यांचं नाव, चेहरा, गाव इंटरनेटवर टाकू नका. तुम्ही परत जाता, ते तिथेच राहतात.

प्रश्न : गावची मूठभर माती किंवा कोरीव दगडाचा तुकडा आणता येतो का?

उत्तर : दगड मुळीच नाही. तुर्कस्तानच्या १९८३ च्या पुरातत्त्व कायद्याखाली (क्रमांक २८६३) कोरीव दगड, नाणं, खापर, काहीही देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. ‘रस्त्यात पडला होता’ हे विमानतळावर चालत नाही.

मातीची अडचण दुसऱ्या टोकाला येते. अमेरिकेत परदेशातली माती परवान्याशिवाय आणता येत नाही, कारण तिच्यातून कीड आणि रोग येतात. ऑस्ट्रेलियात तर बुटाच्या तळव्याला लागलेली मातीसुद्धा तपासतात. तरीही माणसं माती भरतात, हे आम्हाला माहीत आहे. पण कबरीवर घालायला जपून आणलेली पिशवी कस्टमच्या टोपलीत जाताना पाहणं नको असेल तर झऱ्याचं पाणी घ्या. लहान बाटली, झाकणावर चिकटपट्टी, मोठ्या सामानात. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलीटरवर द्रव सोडत नाहीत.

प्रश्न : जुन्या चर्चमध्ये प्रार्थना करू देतात का? अख्तामारबद्दल वाचलं होतं.

उत्तर : अख्तामार हे वान सरोवरातलं बेट. वासपुराकान या आर्मेनियन राज्याचा राजा गागिक आर्त्सरुनी याने तिथे पवित्र क्रूसाचं चर्च बांधवलं, ९१५ ते ९२१ या काळात, स्थपती मानुएल. गेवाशच्या धक्क्यावरून होडीने वीसेक मिनिटं. होडी पुरेशी माणसं जमली की सुटते, त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर वाट पाहावी लागेल. मोठ्या गटाने मात्र थेट निघावं.

बेटावर उतरल्यावर सगळे आत धावतात. तसं करू नका. या चर्चचं मोठेपण बाहेरच्या भिंतींवर आहे. एक पूर्ण फेरी मारा: योना आणि त्याला गिळणारा मासा, दावीद आणि गल्याथ, आदाम-हव्वा, वर द्राक्षवेलीचा पट्टा, त्यात माणसं आणि जनावरं. पश्चिमेच्या भिंतीवर स्वतः गागिक चर्चची प्रतिकृती हातात धरून ख्रिस्ताला अर्पण करतो आहे. उन्हं तिरपी असताना कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी सपाट वाटतं.

२००७ मध्ये दुरुस्तीनंतर हे चर्च संग्रहालय म्हणून उघडलं. १९ सप्टेंबर २०१० ला तिथे वंशसंहारानंतरची पहिली उपासना झाली. तेव्हा घुमटावर क्रूस नव्हता, त्यावरून बरीच नाराजी झाली. थोड्याच दिवसांत तो बसवला. तेव्हापासून सप्टेंबरात वर्षातून एकदा उपासनेला परवानगी मिळते, काही वर्षं मात्र चुकली आहेत. तारीख इस्तंबूलच्या आर्मेनियन धर्मपीठाकडून कळते. ती कळल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका.

दियारबकीरच्या सुर या जुन्या भागातल्या गल्ल्यांमधलं सुर्प गिरागोस मात्र जितं चर्च आहे. सात वेद्या असलेलं हे चर्च २०११ मध्ये दुरुस्त झालं, २०१५-१६ च्या शहरातल्या लढाईत पुन्हा मोडलं आणि मे २०२२ मध्ये परत उघडलं. कार्सचं दहाव्या शतकातलं पवित्र प्रेषितांचं चर्च आता मशीद आहे. बूट काढून, डोकं झाकून जावं, आणि घुमटाखालच्या पट्ट्यावर कोरलेले बारा प्रेषित बाहेरून मान वर करून बघावेत.

बाकी पडक्या जागी गट ‘हायर मेर’, म्हणजे प्रभूची प्रार्थना, हलक्या आवाजात म्हणतो, त्याला सहसा कुणी अडवत नाही. झेंडे, फलक, भाषणं नकोत. त्याचा त्रास तुमच्यापेक्षा स्थानिक मार्गदर्शकाला होतो. आणि मेणबत्ती लावण्याआधी पायाखाली बघा. कोठार झालेल्या चर्चमध्ये वर्षाचा कडबा भरलेला असतो. वाळू भरलेला एक पत्र्याचा डबा गाडीत ठेवला तर ज्योत त्यात लावता येते आणि जाताना बरोबर नेता येते.

प्रश्न : आनी आर्मेनियाच्या सीमेला लागून आहे ना? मग तिथूनच येरेवानला जाता येईल?

उत्तर : नजरेने जाता येईल. आनीखालून वाहणारी आखुर्यान नदी हीच सीमा आहे. दरीत तुटलेल्या पुलाचे दोन खांब दिसतात आणि पलीकडे आर्मेनियाच्या बाजूचे टेहळणी बुरूज. सीमा १९९३ मध्ये बंद झाली. तिसऱ्या देशांच्या नागरिकांसाठी ती उघडायचं २०२२ मध्ये दोन्ही सरकारांनी मान्य केलं, पण मान्य होणं वेगळं आणि फाटक उघडणं वेगळं. निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती पाहा. भरवशाचे मार्ग दोन. फेब्रुवारी २०२२ पासून पुन्हा सुरू झालेलं इस्तंबूल-येरेवान विमान, किंवा जॉर्जियातून रस्त्याने, पोसोफजवळच्या नाक्यावरून आखालत्सिखेमार्गे. रस्त्याने जायचं तर सबंध दिवस धरा, आणि तुर्की गाडी नाक्यापर्यंतच. पुढची गाडी पलीकडे आधी ठरवून ठेवावी लागते.

आनीत एक मजेदार अडचण येते. मोबाइल मधूनच पलीकडच्या आर्मेनियन मनोऱ्याला चिकटतो आणि घड्याळ एक तास पुढे जातं. रोमिंगचं बिल वेगळंच. आत शिरताना मोबाइलची वेळ आपोआप बदलणं बंद करा, नाही तर अर्धा गट तासभर आधीच गाडीपाशी येऊन बसतो.

कार्सपासून हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ९६१ मध्ये बाग्रातुनी या आर्मेनियन राजांची राजधानी झालेलं हे शहर २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १००१ मध्ये पूर्ण झालेल्या कॅथीड्रलचा स्थपती त्रदात. भूकंपात पडलेला इस्तंबूलच्या आयासोफियाचा घुमट सावरला तो यानेच. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या कॅथीड्रलचा घुमट चौदाव्या शतकात भूकंपातच पडला. तारणहाराचं चर्च १९५७ मध्ये बरोबर मधून चिरल्यासारखं अर्धं कोसळलं. उरलेलं अर्धं उभं आहे. तिग्रान होनेन्त्सचं १२१५ चं चर्च खाली दरीच्या कडेला आहे आणि आत अजून भिंतीवरची चित्रं आहेत. थकलेले लोक तेच वगळतात, म्हणून आधी तिकडे जा. होरोमोसचा मठ जवळच, पण लष्करी पट्ट्यात. तिकडे परस्पर जायचा प्रयत्न नको. ड्रोन तर घरीच ठेवा.

प्रश्न : मुसा दागची आर्मेनियन वस्ती २०२३ च्या भूकंपानंतर आहे का?

उत्तर : आहे. मुसा दागच्या सहा गावांच्या लोकांनी १९१५ मध्ये डोंगरावर चढून प्रतिकार केला आणि फ्रेंच जहाजांनी त्यांना वाचवलं. ते परतले, पण १९३९ मध्ये तो भाग तुर्कस्तानात गेला तेव्हा बहुतेक लेबनॉनमधल्या आंजारला गेले. मागे राहिलं ते वाकिफ्ली, तुर्कस्तानातलं एकमेव उरलेलं आर्मेनियन गाव. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात घरांची आणि चर्चची मोडतोड झाली, शेजारचं अंताक्या शहर तर उद्ध्वस्त झालं. म्हणून मुक्कामाची सोय आधी नक्की करूनच जावं. ऑगस्टच्या मध्यावर द्राक्षांना आशीर्वाद द्यायचा सण असतो, मोठमोठ्या कढयांत रात्रभर हरिसा शिजते. गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत घोटायचं असतं. घोटायला हात लावलात तर कुणी नको म्हणणार नाही.

प्रश्न : आमच्या स्नेह्यांना तुर्कस्तानात पाऊल ठेवायचं नाही. त्यांच्यासाठी काही आहे? आणि काराबाखचे लोक?

उत्तर : आर्मेनियात जा. येरेवानच्या भागांची नावंच बघा: अराबकिर, मालातिया-सेबास्तिया, कानाकेर-झैतून. हरवलेल्या गावांची माणसं जिथे वसली तिथे त्यांनी गावाचं नाव लावलं. मातेनादारान या हस्तलिखितांच्या संग्रहालयात मुशचा प्रवचनग्रंथ आहे, जवळजवळ २८ किलो वजनाचा. १९१५ मध्ये दोन बायकांनी तो दोन भाग करून पळवला, एकटीला पेलणारा नव्हता. आनी पाहायचंच असेल तर नदीच्या आर्मेनियन काठावर खारकोव गावाजवळून समोर दिसतं, दुर्बीण न्या.

काराबाख, म्हणजे अझरबैजानातला पूर्वी आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ मुलूख; तिथे तूर्त कुठलीही सहल नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त आर्मेनियन तिथून बाहेर पडले, आणि अझरबैजान आर्मेनियन वंशाच्या प्रवाशांना सहसा प्रवेश देत नाही, पासपोर्ट कुठलाही असो. कुणी जाहिरात करत असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, आर्मेनियन. त्यांना न्यावं का?

उत्तर : न्या, पण सगळ्या गटाच्या वेगाने नाही. आनीची फेरी तीनेक किलोमीटरची, सावली अजिबात नाही, दगड सैल. त्यांनी सिंहद्वार आणि कॅथीड्रलपर्यंत जावं, बाकी सोडावं. अख्तामारला होडीतून उतरल्यावर पायऱ्या आहेत. कार्सच्या उंचीवर पहिल्या रात्री काहींना नीट झोप लागत नाही, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. गोळ्या लागतात त्याच्या दुप्पट बरोबर न्या, अर्ध्या तुमच्या पिशवीत ठेवा. खेड्यात पाश्चात्य कमोड मिळेलच असं नाही. दर दीड-दोन तासांनी पेट्रोलपंपावर थांबायचं चालकाशी आधीच ठरवा. गावात कार्ड चालत नाही, लिरा सुट्या ठेवा.

आणि त्यांच्या गावचा रस्ता शेवटी पायवाट होतो का, हे वाटाड्याला निघण्याआधी विचारा. होत असेल तर गाडी उभी करता येईल आणि खिडकीतून झरा दिसेल अशी जागा त्याला आदल्या दिवशी जाऊन बघून ठेवायला सांगा.